पोरांनी कॉम्प्युटरला आकडा ओळखायला शिकवलं, तर तो अभ्यासच आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र आलतं, की उन्हाळी कोडिंग क्लासला पैसे भरले आणि पोरगं आठ दिवस नुसतं ‘मनातला आकडा ओळख’ खेळत बसलं, असं काय कोडिंग असतं का म्हणून. ते वाचून मला राहवेना, म्हणून लिहितेय. तो क्लास माझा नाही, कुणाचा आहे ते पण मला माहीत नाही, त्यामुळं क्लासवाल्यांची बाजू मी घेत नाहीये, पण त्या खेळाची बाजू मला घ्यायचीय. मी बीएस्सी कॉम्प्युटर केलेलं, अशोक चौकाच्या जवळ घरीच शिकवण्या घेते, बारा वर्षं झाली, पाचवी ते दहावीची पोरं येतात, आणि त्या एका खेळातनं जेवढं शिकवता आलं तेवढं मला जाडजाड पुस्तकांतनं कधी शिकवता आलेलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बरेच पालक इथंच चुकतात. हा खेळ कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेनं करता येतो. एक म्हणजे कॉम्प्युटरनं १ ते १०० मधला कुठला तरी आकडा धरायचा, आपण विचारायचं, आणि त्यानं जास्त किंवा कमी एवढंच सांगायचं. सगळ्या जर्नलमध्ये, सगळ्या व्हिडिओत हाच प्रोग्राम असतो, दहा-बारा ओळींचा, पोरं बघून उतरवून काढतात आणि चालला की खूश. त्यात डोकं कुणी चालवलं? खेळणाऱ्यानं. कॉम्प्युटरनं फक्त आकडे ताडून बघितले. दुसरी तऱ्हा उलटी आहे, आकडा पोरानं धरायचा आणि कॉम्प्युटरनं ओळखायचा. मग मात्र कॉम्प्युटरला ‘कसं ओळखायचं’ ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारं म्हणजे आपलं पोरगं. मी जे सांगतेय ते सगळं या दुसऱ्या तऱ्हेबद्दल.

आमच्याकडं हे सुरू झालं ते कॉम्प्युटर बंद असतानाच. एप्रिलचा महिना, लाईट गेलेली, खोलीत बसवेना म्हणून सगळ्यांना घेऊन गच्चीवर गेले. आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, दोन-तीन घरांत कन्नड, शाळा मराठी. सहावीतल्या एका पोरीला म्हणलं तू आकडा धर, बाकीचे ओळखतील. ती उत्तरं तेलुगूतच द्यायला लागली, ‘एक्कुवा’ म्हणजे जास्त, ‘तक्कुवा’ म्हणजे कमी, आणि पाच मिनिटांत मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी सगळीच एक्कुवा-तक्कुवा ओरडायला लागली. सुरुवातीला पोरं काहीही विचारायची. ७? एक्कुवा. ९९? तक्कुवा. ३६? मग परत कुणीतरी ५ विचारणार, जे ७ लाच निकालात निघालेलं असतंय. मी काही बोलले नाही. कोपऱ्यात एक पोरगा बसलेला, फार बोलत नाही तो, त्याची पाळी आली तर सरळ ५० म्हणाला, मग २५, मग ३७, आणि बाकीची पोरं हळूहळू गप्प होत गेली, कारण त्यांना दिसायला लागलं की हा काहीतरी वेगळं करतोय. त्याला विचारलं ५० का? तो म्हणाला, “ताई, ५० ला चुकलो तरी निम्मे आकडे मेले की.”

हेच ते. याला मोठ्या पुस्तकात बायनरी सर्च म्हणतात, पण मी ते नाव महिनाभर सांगितलं नाही, नाव सांगितलं की पोरं व्याख्या पाठ करायला लागतात.

दुसऱ्या दिवशी चिंचोके आणले. प्रश्न असा दिला की किती चान्समध्ये किती आकड्यांपर्यंत खात्रीनं ओळखता येईल. एक चान्स असला तर एकच आकडा. दोन चान्स असले तर तीन आकडे, कारण मधला विचारायचा, चुकला तर एक डावीकडं उरतो नाहीतर एक उजवीकडं. तीन चान्सला सात, मधला एक, डावीकडं तीन, उजवीकडं तीन. इथपर्यंत चिंचोके मांडून झालं आणि पुढचं पोरांनीच सांगितलं, दुप्पट करून एक मिळवायचा. १५, ३१, ६३, १२७. म्हणजे सहा चान्समध्ये ६३ पर्यंतच जमतं आणि १०० आकड्यांना सात चान्स लागतात, सातच्या वर कधीच लागत नाहीत. एकेक आकडा १ पासून विचारत गेलं तर सरासरी पन्नासेक चान्स जातात, निम्मं निम्मं करत गेलं तर सरासरी ५.८ बसते, ही सरासरी आठवीच्या पोरांनी बेरीज करून काढली. आणि मग मी विचारलं १० लाख आकडे असले तर? कुणी म्हणालं हजार चान्स, कुणी म्हणालं लाख. वहीत दुप्पट करत गेले आणि २० वर थांबले. वीस! मला आजही ते चेहरे आठवतात. १० लाखातला कुठलाही आकडा वीस प्रश्नांत. हे मी फळ्यावर लिहून सांगितलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं, पण स्वतःच्या हातानं काढलेलं होतं ना.

मग कॉम्प्युटरवर बसलो. तिथं खरी गंमत आहे, कारण गच्चीवर ‘मधला’ म्हणलं की सगळ्यांना कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. त्याला दोन डबे द्यावे लागतात, एकात खालची हद्द, एकात वरची, सुरुवातीला १ आणि १००. मधला काढायचा म्हणजे बेरीज करून दोननं भागायचं, आणि पहिल्याच झटक्याला उत्तर आलं साडेपन्नास. साडेपन्नास कुणी धरलेलाच नाही! मग वरचा घ्यायचा का खालचा यावर वाद झाला, शेवटी खालचा घेऊ ठरलं, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत डबल स्लॅश दिलं की अपूर्णांक जातो ते मी सांगितलं, एवढंच माझं काम. कुणी ‘जास्त’ म्हणलं की खालची हद्द उचलून मधल्यावर ठेवायची, ‘कमी’ म्हणलं की वरची हद्द खाली आणायची, लिहून झालं, चालायला लागलं, सगळ्यांचे आकडे पटापट ओळखले. मग एका पोरानं १०० धरला.

स्क्रीनवर आलं ५०. जास्त. ७५. जास्त. ८७, ९३, ९६, ९८, ९९. जास्त. परत ९९. जास्त. परत ९९. पोरगा जास्त जास्त दाबतोय आणि कॉम्प्युटर ९९ च्या पुढं जाईचना. ज्यानं लिहिलेलं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं आपल्याला हे येतच नाही. मी त्याला प्रोग्राम दाखवलाच नाही, कागद दिला आणि म्हणलं शेवटचे दोन डबे लिही. खाली ९९, वर १००. बेरीज १९९, निम्मं साडेनव्याण्णव, अपूर्णांक गेला, ९९. जास्त म्हणलं की खालची हद्द मधल्यावर ठेवायची, म्हणजे परत ९९. आता काय बदललं? काहीच नाही! तो कागदाकडं बघत बसला बघत बसला आणि मग म्हणाला, “ताई, ९९ नाही हे तर आपल्याला आधीच कळलंय, मग ९९ वर कशाला थांबायचं, १०० वर जायला पाहिजे.” मधला अधिक एक. एवढीच दुरुस्ती. परत चालवलं, ५०, ७५, ८८, ९४, ९७, ९९, १००, बरोबर सातव्या चान्सला.

त्याला मी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली आणि त्या पालकांनाही सांगावीशी वाटते. ही निम्मं निम्मं करायची पद्धत प्रोग्रामसाठी म्हणून पहिल्यांदा १९४६ मध्ये छापली गेली, आणि कुठल्याही लांबीच्या यादीला चुकल्याशिवाय चालेल अशी छापून यायला १९६० उजाडलं, हे डोनाल्ड नुथ यांनी लिहून ठेवलंय, आणि कॉम्प्युटरच्या विषयात त्यांच्याएवढा मोठा माणूस शोधून सापडायचा नाही. चौदा वर्षं! बरं पुढं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या साठ्यात, हीच पद्धत होती त्यातसुद्धा चूक निघाली, नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती, २००६ मध्ये ती जाहीर झाली. खालची आणि वरची हद्द खूप मोठी असली की त्यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढं जायची, तेवढ्या डब्यात ती मावायची नाही आणि उत्तर उणे यायचं. म्हणजे दोन आकड्यांच्या मधला आकडा काढण्यात जगातले हुशार इंजिनिअर चुकले, आणि आमचा सातवीचा पोरगा अधिक एक विसरला म्हणून त्याला कॉम्प्युटर येत नाही असं कसं म्हणायचं?

यानंतर पोरं थांबेनात. कॉम्प्युटर सात चान्समध्ये ओळखतोच म्हणल्यावर पोरांनी खोटं बोलायला सुरुवात केली, ३० धरायचा आणि मध्येच ‘कमी’च्या जागी ‘जास्त’ सांगायचं. कॉम्प्युटर बिचारा शोधत राहायचा. मग एकीच्या लक्षात आलं की खोटं बोललं की एका क्षणी खालची हद्द वरच्या हद्दीच्या पुढं जाते, उरलेला आकडाच नाही कुठला, म्हणजे कुणीतरी फसवलंय. तिनं दोन ओळी घातल्या आणि स्क्रीनवर यायला लागलं ‘खोटं बोलू नको बे’. ही पाचवीची पोरगी आहे बरं का. यातनं पुढचा प्रश्न आपोआप आला, एकदा खोटं बोलायची परवानगीच दिली तर किती चान्स वाढवावे लागतील? हा प्रश्न नुसता पोरखेळ नाही, स्टॅनिस्लाव उलाम नावाच्या फार मोठ्या गणितज्ञानं १९७६ मध्ये हाच विचारला होता, १० लाखांतला आकडा, हो-नाहीची उत्तरं, आणि एकदा खोटं बोललं तर चालेल. खोटं नसेल तर २० प्रश्न, एक खोटं चालत असेल तर २५, हे उत्तर १९८७ मध्ये सिद्ध होऊन आलं. फोनमधला एखादा मेसेज वाटेत थोडा बिघडला तरी पलीकडं बरोबर वाचता येतो, त्याच्यामागं याच जातीचं गणित आहे. गच्चीवरच्या एक्कुवा-तक्कुवापासून आम्ही इथपर्यंत आलो, मध्ये कुठंही पुस्तक उघडलं नाही.

आणखी एक सांगते, यात मला स्वतःला नवीन शिकायला मिळालं. पोरं हुशार, त्यांनी बघितलं की कॉम्प्युटर दरवेळी ५० पासूनच सुरू करतो, म्हणजे ५० धरणारा पहिल्याच चान्सला हरतो, २५ आणि ७५ वाले दुसऱ्या चान्सला. त्यांनी सात चान्स खाणारे आकडे वहीत लिहून काढले, ३७ निघाले, आणि तेवढेच धरायला लागली. मग प्रोग्राम लिहिणारी म्हणाली की आम्ही ५० पासून सुरूच करणार नाही. पण दुसरीकडून सुरू केलं तर सातच्या पुढं जाईल ना? नाही जात! सहा चान्समध्ये ६३ आकडे निभतात, मग पहिल्या प्रश्नानंतर कुठल्याच बाजूला ६३ पेक्षा जास्त उरले नाहीत की झालं. म्हणजे ३७ पासून ६४ पर्यंत कुठलाही आकडा पहिला विचारला तरी सातमध्येच ओळखता येतो, त्यातला रोज वेगळा घ्यायचा, पोरांना अंदाज लागत नाही. मी कॉलेजात हे शिकले होते पण ‘मधलाच घ्यायचा’ एवढंच पाठ होतं, अशी मोकळी जागा आहे हे मला या पोरांनी दाखवलं.

पुढं एकानं तर वही घातली, कोण कुठला आकडा धरतंय त्याची, आकडा आला की त्याच्यापुढं एक रेघ. ज्याला त्याला आपला वाढदिवस, आपला हजेरी नंबर, क्रिकेटरच्या जर्सीचा नंबर आवडतो, ३१ च्या आतले आकडे सारखे येतात आणि ७० सारखे गोल आकडे फारसे कुणी धरत नाही. त्याचं म्हणणं असं की मग आकडे निम्मे कशाला करायचे, वहीतल्या रेघा निम्म्या करायच्या. ज्या आकड्याला निम्म्या रेघा अलीकडं आणि निम्म्या पलीकडं पडतात तो आधी विचारायचा. कधीतरी सातपेक्षा जास्त चान्स जातील, पण रोजच्या खेळात सरासरी कमी पडेल. यावर आमच्याकडं अजून भांडण चालू आहे, कायम सातच्या आत राहायचं की बहुतेक वेळा लवकर जिंकायचं. या भांडणाला मी अभ्यास म्हणते.

आणि सोलापूरच्या माणसानं तर हे परकं मानूच नये. माझ्याकडच्या एका पोराचे आजोबा पूर्वी एका कारखान्यात चादरीच्या डिझाईनची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे. एक दिवस नातवाला न्यायला आले, आमचा हो-नाहीचा गोंधळ ऐकला आणि म्हणाले हे तर आमचंच काम. जेकार्ड मागाच्या कार्डात जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथं सुई मागं ढकलली जाते, हूक सरकतो, धागा खालीच. भोक आहे, भोक नाही. एवढ्यावर चादरीवर मोर उतरतो. पोरांनी लगेच हिशोब केला, सात भोकांच्या जागा असल्या तर १२८ तऱ्हा होतात, आणि आपले सात चान्स जवळपास तेच सांगतायत, सात वेळा हो-नाही. ज्यांच्या नावावरनं जेकार्ड म्हणतात त्या जाकार यांनी हा माग फ्रान्सच्या लियोंमध्ये १८०४ च्या सुमारास केला, पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या हिशोबाच्या यंत्राला आज्ञा द्यायला तसलीच कार्डं वापरायचं ठरवलं, आणि १८९० ची अमेरिकेतली जनगणना भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भोक आहे-नाही यावर पोट भरलंय, त्या गावात पोरांना कॉम्प्युटर शिकवायला परक्या उदाहरणांची गरजच नाही.

आता माझी तक्रार, आणि ती मनापासून आहे. माझी भाची अकरावीला आहे, कॉलेजचं नाव मी घेत नाही. प्रॅक्टिकलला ‘आकडा ओळखा’ प्रोग्राम होता, तिनं उलटा लिहून नेला, कॉम्प्युटर ओळखणारा, ३७ ते ६४ मधला पहिला आकडा घेणारा, खोटं पकडणारा. सरांनी बघितलं आणि म्हणाले जर्नलमध्ये हा नाहीये, रँडमवाला, म्हणजे कॉम्प्युटर आकडा धरतो तो, लिहून आण. तिनं समजावायचा प्रयत्न केला, तर वेळ नाही, पुढची बॅच उभी आहे. घरी येऊन तिनं जर्नलमधला प्रोग्राम अक्षर न अक्षर उतरवून काढला आणि मार्क मिळाले. सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, एकेका बॅचला किती पोरं असतात ते मला माहीत आहे, पण उतरवून काढलेल्याला मार्क आणि विचार करून लिहिलेल्याला ‘परत आण’, हे बघून त्या पोरीनं पुढच्या वेळी विचार कशाला करावा? तिनं आता मला विचारणंच बंद केलंय, जर्नल पाठ करते. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रॅक्टिकलमध्ये निदान हा एक प्रोग्राम पोरांच्या मनानं लिहू द्या. जर्नलशी जुळतो का ते बघू नका, पोराला समोर बसवून १ धरा, १०० धरा, एकदा मुद्दाम खोटं बोला, आणि प्रोग्राम काय करतो ते बघा, दोन मिनिटं लागतात. चुकला तर का चुकला ते पोरालाच विचारा, कागद-पेन्सिल देऊन.

आणि पत्र लिहिणाऱ्या त्या पालकांना सांगावंसं वाटतं की साहेब, पैसे वाया गेले की नाही ते आज रात्री जेवण झाल्यावर तुम्हालाच कळेल. पोराला समोर बसवा, तुम्ही आकडा धरा, त्याला ओळखू दे. ७, ९९, १३ असं काहीही विचारायला लागलं तर क्लासवाल्यांना जाब विचारा, तुमचं बरोबर आहे. पण सरळ मधला आकडा विचारला, आणि का म्हणून विचारल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर त्याला अजून आठ दिवस खेळू द्या.

संपादक साहेब, आपल्याकडं पण एक मागणं आहे. रविवारच्या मुलांच्या पानावर एवढा एक प्रश्न छापा: आकडा १ ते २०० मधला असेल तर जास्तीत जास्त किती चान्समध्ये खात्रीनं ओळखता येईल, आणि पहिला प्रश्न कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत विचारला तर चालेल? उत्तर मी इथं लिहीत नाही, पोरांना काढू द्या. जेवढी पत्रं येतील तेवढी माझ्याकडं पाठवा, मी एकेक वाचून तपासून देईन, आणि ज्याचं चुकलं असेल त्याला कुठं चुकलं ते पण लिहून कळवेन.

आपली नियमित वाचक,
घरी शिकवणी घेणारी एक ताई,
अशोक चौक परिसर, सोलापूर